शेक, हात, फुंकर, तपासणी

४ सप्टेंबर, सोमवार

चहाची किटली गेली! ड्यूटीरूममधली. आजपासून ती लेबर रूमची. सगळ्या सिस्टर्स माझ्याकडे अशा बघतायत की जणू मी त्यांचं रक्तच काढून घेतलं. नवीन किटलीची मागणी मी जुलैतच दिली होती, ती हॉस्पिटलच्या साहेबांच्या टेबलावर झोपलीय. शेकायला गरम पाणी तर लागणारच. बाळाचं डोकं दिसायला लागलं की गरम पाण्यात पिळलेला टॉवेल बाईच्या अंगाला खालून लावून धरायचा — एवढंच! कोणी डोंगर उचलायला सांगत नाहीये.

बाळंतपणात बाईला फाटू नये म्हणून ही नवी योजना, एकूण चार गोष्टी. शेक. मग हात — एक बाळाच्या डोक्यावर, एक खाली आधाराला, डोकं हळूहळू येऊ द्यायचं. तिसरी, डोकं बाहेर पडायच्या क्षणी बाईला जोर लावायला सांगायचं नाही. चौथी, सगळं झाल्यावर गुदद्वारात बोट घालून बघायचं, आतला स्नायू फाटलाय का. वरवर टाके घालून घरी पाठवायचं नाही. प्रत्येक बाईला, प्रत्येक पाळीत, ड्यूटीवर कोणीही असो. फॉर्मवर चार चौकोन, चार खुणा.

थोरल्या सिस्टरांनी फॉर्म हातात धरला, चष्मा वर केला, आणि म्हणाल्या की चौतीस वर्षं त्या चहा पिऊन बाळंतपणं करतायत, आता चहा बाईला पाजायचा का. सगळ्या हसल्या. मीही हसले. इनचार्जने हसायला नको होतं.

५ सप्टेंबर

लेकीला पस्तिसावा आठवडा लागला. नाव इथेच घातलंय. दुसरं हॉस्पिटल बघ म्हटलं तर म्हणते, तू असताना मी दुसरीकडे कशाला जाऊ?

मी असताना! स्टाफने आपल्या नात्यातल्या बाईचं बाळंतपण करायचं नाही, लेबर रूममध्ये थांबायचंही नाही. हा नियम फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे. नवऱ्याला आत थांबता येतं. मला नाही. मी बाहेर बाकावर, आणि आत त्या दिवशी जी असेल ती.

पाच आठवडे. नऊ सिस्टर्स. नऊच्या नऊ तयार झाल्या पाहिजेत. आठ चालणार नाहीत.

७ सप्टेंबर, गुरुवार

मुख्यालयातून शिकवायला एक पोरगेलीशी बाई आली होती. बॅगेतून काय काढावं — स्पंजचे ठोकळे! प्रत्येकाला मधोमध चीर, त्यातून बाहुलीचं डोकं काढायचं. तिचं नाव लगेच पडलं, स्पंजबाई. पण बाई हुशार. आवाज न चढवता नऊ जणींना गप्प बसवलं.

कात्री लावायचीच वेळ आली तर ती साठ अंशांत तिरकी गेली पाहिजे, सरळ खाली गेली की मागच्या स्नायूपर्यंत फाटतं. हे सगळ्यांना पाठ. मग तिने ठोकळे दिले, कापा म्हणाली, आणि शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक काढून मोजायला लागली. चिमणीचा अठ्ठेचाळीस. (चिमणी म्हणजे आमची सगळ्यात लहान सिस्टर, आवाजावरून.) माझा पस्तीस! एकोणतीस वर्षांची नोकरी, आणि पस्तीस. स्पंजबाई म्हणाली की सगळ्यांचं असंच होतं, कातडी ताणलेली असते म्हणून डोळा फसतो. ती समजूत घालत होती. मला मात्र एकोणतीस वर्षांतल्या बायका आठवायला लागल्या आणि पाणी प्यायचं निमित्त काढून मी बाहेर गेले.

थोरल्यांनी ठोकळा घेतलाच नाही. माझी ड्यूटी आहे म्हणाल्या आणि उठल्या.

११ सप्टेंबर

'थांब' शब्द बाद!

स्पंजबाईने सांगितलं होतं, डोकं बाहेर येताना बाईला थांब म्हणायचं. आज चिमणीने म्हटलं, तर ती बाई टेबलावर उठूनच बसायला लागली. बाळाला काय झालं, माझ्या बाळाला काय झालं, एकच आकांत. खरंच आहे. दोन तास जोर लाव, जोर लाव म्हणून कानीकपाळी ओरडायचं आणि एकदम थांब. माणूस घाबरणारच.

तोडगा काढला आयाने. लादी पुसता पुसता म्हणाली, फुंकर मार म्हणा की, गरम चहावर मारतात तशी. फुंकर मारताना जोर लावताच येत नाही. मी खुर्चीवर बसून करून बघितलं. खरंच नाही येत! दुपारच्या बाळंतपणाला म्हटलं — फुंकर मार, बाई, छोट्या छोट्या. डोकं अलगद आलं. टाका नाही.

थोरल्यांना सांगितलं तर म्हणाल्या, जोर लावायचा नाही तर मूल काय पोस्टाने येणार? त्यांचा 'जोर!' खाली जिन्यापर्यंत ऐकू जातो. रिक्षावाले सुद्धा ओळखतात.

१४ सप्टेंबर, गुरुवार

हे लिहू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. पण या वहीत नाही लिहायचं तर कुठे?

सत्तावीस वर्षांपूर्वी लेक झाली ती याच लेबर रूममध्ये. थोरल्यांनीच केलं माझं बाळंतपण. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली होते. जोर लाव, जोर लाव, अगं लाव ना, काय नाजूकपणा करतेस. मी लावला. वर चार टाके पडले. तिसऱ्या दिवशी घरी.

तेव्हापासून मला वारा आवरत नाही, आणि कधी कधी मलही नाही. लिहिलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं. बसमध्ये दाराजवळची जागा. पर्समध्ये जादा कपडे. कुठल्याही नव्या ठिकाणी गेलं की आधी संडास कुठे ते बघायचं. लग्नकार्यात जेवायचं नाही. ह्यांना वाटतं मला पोटाचा जुना त्रास आहे. बिचारे सहलीचं नाव काढायचे, मी दरवेळी मोडता घालायचे, आता तेही काढत नाहीत. लेक लहान असताना उचलून घे म्हणायची तेव्हाही मी आधी विचार करायचे. त्या एका गोष्टीचा राग आहे. अजून आहे.

आणि कोणी नवीन सिस्टर आली की थोरल्या छाती पुढे काढून सांगतात, माझ्या हातात फाटत नाही. मग माझ्याकडे बोट — विचारा हिला, हिचं मीच केलंय! आणि मी मान डोलावते. दरवेळी. कपाळ माझं.

१५ सप्टेंबर

कालचं पान फाडणार होते. राहू दे.

१९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी फेरीला गेले. कॉरिडॉरमध्ये एक बाई नवऱ्याचा हात धरून येरझाऱ्या घालत होती, पोट हे एवढं, कळा नुकत्या सुरू. तिची फाइल उघडली. फॉर्मवर चार खुणा! शेक दिला. हात दिला. फुंकर मारली. तपासणी केली. बाळ अजून पोटात, आणि कागदावर बाईची बाळंतपणानंतरची तपासणीही उरकली!

सही चिमणीची. हाक मारली तर डोळे मोठ्ठे करून म्हणाली, सिस्टर, नंतर वेळ मिळत नाही ना, म्हणून आधीच करून ठेवते. काही चुकलंय हे तिच्या गावीही नाही. मी इतकी ओरडले की त्या बाईच्या नवऱ्याने मध्ये पडून चिमणीची बाजू घेतली.

मग पंधरा दिवसांच्या फाइली काढल्या. एकाच पेनाच्या, एकाच कलाच्या खुणा. दहा-दहा फॉर्म एका बैठकीत केलेले. आणि ही पद्धत कोणी पाडली? आम्हीच. तापाचे तक्ते आम्ही असेच भरायचो. मीच शिकवलंय तिला.

चादरींच्या खोलीत जाऊन आधी हसले, मग रडले. तीन आठवडे आहेत!

२० सप्टेंबर

खुणा बंद. नवी नोंदवही आणली, लाल पुठ्ठ्याची. नाव दिलं जखमांची वही. बाळंतपण कोणी केलं, बोटाने तपासलं का, काय सापडलं, कितवी डिग्री, आणि शेवटी दुसऱ्या सिस्टरची सही — तिनेही स्वतः बघून. थर्ड डिग्री म्हणजे मागचा स्नायू फाटलेला. तो त्याच दिवशी शिवला तर बाई बरी होते. नाही शिवला तर काय होतं ते मी १४ तारखेला लिहिलंय.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

नऊ दिवसांत पाच सापडल्या. पाच! मॅडमनी पाचही जणींना थिएटरमध्ये नेऊन शिवलं. आमच्या डॉक्टर मॅडम कधी फार बोलत नाहीत, पण आज जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

दुपारी साहेबांनी बोलावलं. गेल्या अख्ख्या वर्षात चार आणि तुमची योजना आल्यावर नऊ दिवसांत पाच? तुम्ही फाटणं थांबवायला निघालात की वाढवायला? मी सांगितलं, साहेब, पूर्वीही फाटत होतं, बघत नव्हतो. त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "हे मी वर लिहून पाठवू का? की इतकी वर्षं आमच्याकडे कोणी बघतच नव्हतं?"

१६ तारखेला बैठक. तोवर आकडा खाली नाही आला तर जुनी पद्धत, आणि किटली परत ड्यूटीरूममध्ये.

आता धाबं दणाणलंय ते वेगळ्याच गोष्टीने. आकडा खाली आणायचा सोपा उपाय सगळ्यांना माहीत आहे — बघायचंच नाही. वही चाळली. थोरल्यांच्या नावापुढे, सापडलं काय? नाही. नाही. नाही. अकरा वेळा नाही. एकही नाही कशी? बोट तरी लावतात का? दुसरी सही आहे, पण सह्या कशा होतात ते १९ तारखेला बघितलंच.

३ ऑक्टोबर

लेकीची सकाळपासून कंबर दुखतेय म्हणे. मी तीनदा फोन केला. चौथ्यांदा जावयांनी उचलला. "आई, तुमचा फोन वाजला की तिला कळा येतात." हसले.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

थोरल्यांना विचारलं. सरळ. तुम्ही खरंच तपासता का?

त्या म्हणाल्या, "तुला हातमोजे घालायला कोणी शिकवलं?" तुम्ही, म्हटलं. मग झालं तर, म्हणाल्या आणि चालायला लागल्या. तेव्हाच माझं सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. गिळलं.

पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्या मीच लावते. सकाळपाळी थोरल्यांची. पेन्सिल घेतली, थोरल्यांना रात्रपाळीला टाकलं, सकाळी चिमणी आणि तिच्या जोडीची. कोणाला कळलंही नसतं. पाच मिनिटं तशीच बसले, इतकं बरं वाटलं! मग बाहेर एक बाई आली कळा देत, तिची आई मागून पिशवी घेऊन धावत. तिच्या लेकीला थोरल्या चालतात आणि माझ्या लेकीला नाही?

खोडलं. परत होतं तसं केलं. खोडरबराने कागदाला भोक पडलं. आता मेलं जे व्हायचं ते होईल.

१० ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी साडेसहाला पाणी गेलं. आठला आलो. थोरल्या ड्यूटीवर. लेकीला बघून म्हणाल्या, हिला मी पहिल्यांदा आंघोळ घातली होती. दार बंद.

बाकावर बसून लिहितेय. नाहीतर नखं खाईन. ह्यांना कँटीनमध्ये पाठवलं, त्यांचे उसासे मला सोसत नाहीत.

११.२०. आया किटली घेऊन आत गेली. कोणी मागवली? चिमणीने?

११.५०. 'जोर!' थोरल्यांचा आवाज. परत. परत. उठून दारापर्यंत गेले. माझ्याच अक्षरातला फळा समोर. परत येऊन बसले.

१२.१५. एकदम शांत. काही ऐकू येत नाही. का शांत?

१२.२०. रडलं! बाळ रडलं!

१२.३५. कोणीच बाहेर येत नाही. आतापर्यंत यायला हवं होतं. मॅडम जिन्यावरून धावत आत गेल्या. धावत.

११ ऑक्टोबर

काल पुढे लिहिता आलं नाही. नात झाली. साडेतीन किलो, आवाज थोरल्यांवर गेलाय.

लेकीला थर्ड डिग्री. सापडली. तासाभरात थिएटरमध्ये शिवली. मॅडम म्हणाल्या स्नायूची दोन्ही टोकं छान मिळाली, वेळेत झालंय, बरी होईल. बरी होईल! मी मॅडमचे दोन्ही हात धरून ठेवले होते, त्यांना सोडवून घ्यावे लागले.

आतलं सगळं जावयांनी सांगितलं. किटली थोरल्यांनीच मागवली. टॉवेल आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायच्या. डोकं येताना त्यांनी लेकीच्या गालाला हात लावून इतक्या हळू सांगितलं — फुंकर मार, माझ्या राणी, फुंकर मार — की जावयांना वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. डोकं नीट आलं. खांदा अडला, तिथे फाटलं. मग त्यांनी तपासलं. थांबल्या. परत तपासलं. चिमणीला म्हणाल्या, तू बघ. चिमणीने बघितलं. थोरल्याच बोलल्या, "फाटलंय. मॅडमना बोलव. वहीत माझं नाव घाल."

आणि चिमणीने आज मला जे सांगितलं! वही आली त्या दिवसापासून थोरल्या प्रत्येक बाईला तपासतायत. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत स्पंज घेऊन बसायच्या. मला सांगायचं नाही अशी ताकीद होती. म्हणजे ते अकरा 'नाही' खरे होते. आणि मी काय काय मनात आणलं!

पण त्याआधी मी जे बोलले ते बोलले. काल त्या बाहेर आल्या, मास्क खाली, चेहरा पांढरा. "माझ्या हातात फाटलं गं," म्हणाल्या. मी त्यांना मिठीच मारणार होते. त्याऐवजी तोंडातून निघालं, "तुम्ही बघितलंत म्हणून सापडलं. माझं कोणी बघितलंच नव्हतं."

त्यांनी काय, कधी, किती, काही विचारलं नाही. सिस्टर आहेत, विचारायची गरज नव्हती. बेसिनकडे गेल्या आणि हात धूत राहिल्या. नळ किती वेळ चालू होता.

१२ ऑक्टोबर

थोरल्या आल्या नाहीत. रजेचा अर्ज नाही, फोन उचलत नाहीत. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मी असं कसं बोलले! त्या दिवशीच, तेही त्यांनी चांगलं केलं असताना? पण खोटं नव्हतं ना. दोन्ही खरं आहे.

लेक कुशीवर वळून पाजते. तिने विचारलं, आई, तुझ्या वेळी काय झालं होतं? म्हटलं, सांगेन.

१३ ऑक्टोबर

थोरल्या दुपारी येऊन गेल्या म्हणे. मी साहेबांकडे होते. आया म्हणाली, दहा मिनिटं बसल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या.

१४ ऑक्टोबर, शनिवार

परवाच्या बैठकीसाठी मोजायला जखमांची वही उघडली. या महिन्यात थर्ड डिग्रीच्या नोंदी दोन असायला हव्यात. तीन आहेत. तिसरी थोरल्यांच्या अक्षरात. तारीख सत्तावीस वर्षांपूर्वीची, लेकीच्या वाढदिवसाची. बाईचं नाव — माझं. बाळंतपण कोणी केलं — त्यांचं नाव, पूर्ण. तपासलं का — 'नाही.' काय सापडलं, कितवी डिग्री, दुसरी सही, हे तीन रकाने मोकळे.

मी भरले. साहेबांचा आकडा एकने वाढला.